तुझा योगायोग, माझी मनू

मिलिंद, तुला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि मनूला आम्ही अजून सांगितलेलं नाही.

काल पडघ्याला तुझ्या घरी पुण्यानुमोदनाला जाऊन आलो. वंदना झाली, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला. तुझ्या पुतण्याने माझं नाव पुकारलं, "सरांचे जुने मित्र, शाळेत पंचवीस वर्षं बरोबर होते." मी उठलो. मराठीचा मास्तर, जन्मभर मुलांना निबंध लिहायला लावले, आणि तुझ्याबद्दल चार वाक्यं धड बोलता आली नाहीत. माणूस चांगला होता, विज्ञाननिष्ठ होता, असलं काहीतरी पुटपुटून खाली बसलो. तू असतास तर म्हणाला असतास, "गुरुजी, पाट्या टाकल्या." टाकल्याच. म्हणून आज सकाळपासून हे लिहीत बसलोय.

खरं सांगू का, दुःखापेक्षा थकवाच जास्त जाणवतो. दुःख करायलाही अंगात थोडा जोर लागतो. मनू आता चोवीस वर्षांची आहे. तिला उठवायचं, न्हाऊ घालायचं, केस विंचरायचे, जेवताना घास हातात धरवायचा, हे सगळं आम्ही दोघं म्हातारी माणसं मिळून करतो. माझा गुडघा बोलतो, शैलाची कंबर बोलते. रविवारी दहा वाजता तू दारात यायचास आणि पाच वाजता मनूला परत आणून सोडायचास. त्या सात तासांत आम्ही काय करायचो माहीत आहे? काही नाही. जेवून झोपायचो. सोमवारी सकाळी, रात्रीच तू गेलास म्हणून तुझ्या पुतण्याचा फोन आला तेव्हा आधी तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि त्याच्या पाठोपाठ रविवार आला. लाज वाटली, पण आला.

तर मनूला सांगायचं राहिलंय. रोज विचारते, "काका कधी?" मी म्हणतो, गावाला गेलेत. शैला म्हणते, "तुम्हीच सांगा. मला नाही जमणार." मला तरी कुठे जमतंय?

तुझं-माझं भांडण अर्धवट राहिलं, ते आधी बोलून घेतो. ते सुरू कुठून झालं हे तुला ठाऊक आहे, पण मला पुन्हा एकदा पहिल्यापासून मांडू दे. कारण मधला एक भाग मी तुला कधी सांगितलेला नाही.

तेव्हा आमच्या गल्लीत घरोघरी बायका धागे कापायच्या. कारखान्यातून कपड्यांचे गठ्ठे यायचे, लोंबणारे धागे छोट्या कात्रीने कापायचे आणि संध्याकाळी गठ्ठा परत. शैलाही घ्यायची. ती सात महिन्यांची गरोदर असताना ग्रहण आलं. आईने बजावून ठेवलं होतं, धारदार वस्तूला हात लावू नकोस. पण गठ्ठा संध्याकाळी जायचा होता. शैला आतल्या खोलीत दार लोटून बसली आणि तिने तो संपवला.

मनू झाली तेव्हा तिच्या मुठी उघडत नव्हत्या. मान धरायला वर्ष गेलं, पहिला शब्द यायला पाच वर्षं. आई एकदाच म्हणाली, "मी सांगितलं होतं." परत कधी म्हणाली नाही, गरजही नव्हती. शैलाने त्या दिवसापासून कटिंगचा गठ्ठा घरात घेतला नाही.

मी शिकलेला माणूस. मी शैलाला म्हणालो, "असं काही नसतं गं." म्हणालो ना! पण पाहुण्याचं पोट भरलेलं दिसत असताना आपण "घ्या की अजून एक पोळी" म्हणतो, त्या आवाजात म्हणालो.

चौदा वर्षं अशी गेली. मग तू मागे लागलास. "तिघांचं रक्त तपासायला देऊन या. बरं होणार न्हाय मनू, ते मला बी कळतं. पण कशानं झालं ते तरी कळू दे." पुतण्याची गाडी मागून आणलीस, आम्हाला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलंस, आणि काही आठवड्यांनी रिपोर्ट आणायलाही तूच नेलंस. येताना कशेळीला, खाडीच्या पुलाअलीकडे, ट्रॅफिक तुंबला होता. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, गाडी जागची हलेना. तू इंजिन बंद केलंस, पाकीट उघडलंस आणि रिपोर्ट शेवटपर्यंत वाचलास. मग सीटवरून मागे वळलास.

"वहिनी, नीट ऐका. एका जनुकात एका जागी बदल हाय. हा बदल गुरुजींच्यात न्हाय, तुमच्यात न्हाय. मनूत नवीन झालाय. पेशी आपली नक्कल उतरवते ना, तेव्हा एखादं अक्षर चुकतं. सगळ्यांचं चुकतं. माझंबी चुकलेलं असंल, पण बिनमहत्त्वाच्या जागी. मनूचं नेमकं नको तिथं चुकलं. आणि हे कधी झालं? ती पोटात रुजली तेव्हाच. ग्रहण लई नंतर आलं. कात्रीचा काडीचा संबंध न्हाय. तुमचा न्हाय, कुणाचाच न्हाय."

शैलाने पदर तोंडाला लावला तो खाडीवरचा पूल ओलांडेपर्यंत काढला नाही. मग म्हणाली, भूक लागली. गाडी थांबवून दोन वडापाव खाल्ले तिने. चौदा वर्षांत तिला अशी भूक लागलेली मी पाहिली नव्हती.

आणि त्याआधी, ट्रॅफिकमध्येच अडकलेलो असताना, मी काय म्हणालो? "म्हणजे माझी मुलगी एक अपघात."

"मुलगी न्हाय रे. तो बदल."

"तेच ते."

"तेच ते न्हाय. अख्खी माणसाची जात अशाच बदलांनी आली."

"मग अख्खी माणसाची जात अपघात!"

मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. तू गाडी सुरू करताना हसलास आणि म्हणालास, "अर्धी."

त्या एका शब्दावर आपण पुढची किती वर्षं घालवली. स्टाफरूममध्ये, मधल्या सुट्टीत, निवृत्त झाल्यावर फोनवर. मी म्हणायचो, मिलिंद, हा डोळा, हा हात, ही भाषा, हे सगळं चुकांचं गाठोडं? काहीतरी हेतू असेलच ना मागे? तू माझ्यावरच उलटायचास. "तुझी मराठी कुणी बसून ठरवली? लोक बोलताना घसरत गेले, शब्द झिजत गेले, जे सोयीचं वाटलं ते राहिलं. हेतू कुणाचा होता? मग तुझी मराठी अपघात हाय का? तसं असंल तर पगार कशाचा घेतो?" सगळी स्टाफरूम हसायची. मीही हसायचो. रात्री अंथरुणावर उत्तर सुचायचं आणि सकाळी ते लंगडं वाटायचं.

त्याच वर्षी तू नववीच्या वर्गात विज्ञानाच्या तासाला तो प्रयोग केलास. आपल्या शाळेतल्या निम्म्या मुलांच्या घरी कुणी ना कुणी लूमवर, यंत्रमागावर कामाला. डिझाईनची पट्टी कशी असते ते त्यांना सांगावं लागत नव्हतं. लाकडी पट्ट्यांची साखळी, त्यात खुंट्या, जिथे खुंटी तिथे धागा वर उचलला जातो. तू चौकटीच्या कागदावर एक साधं डिझाईन काढलंस. पाच मुलांना म्हणालास, अर्ध्या मिनिटात उतरवा. घाईत प्रत्येकाची एखादी चौकट चुकली. वर्गाने हात वर करून पाचांतलं एक निवडलं. पुढच्या पाचांनी ते उतरवलं, पुन्हा चुकलं, पुन्हा निवडलं. आठ फेऱ्या झाल्या. शेवटी जे आलं ते तू काढलेलं नव्हतं, आणि कुठल्याच पोराने काढलेलं नव्हतं. पण दिसायला मोठं देखणं होतं. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी ते लूमवर चढवून दोन मीटर कापड विणून आणलं. शाळेच्या दारात तुला विचारत होते, "सर, डिजाइन किसका है? मार्केट में चलेगा ये." आणि तू म्हणालास, "सबका है भाई. और किसीका नहीं."

तू ते कापड घेऊन नाचत माझ्याकडे आलास. "बघ! बदल आंधळा, पण निवड आंधळी न्हाय. म्हणून म्हणतो, अपघात अर्धाच."

मी कापड हातात घेतलं. कापड खरंच सुंदर होतं. आणि मी तुला विचारलं, "चाळीस कागदांतले आठ निवडलेस. बाकीच्या बत्तिसांचं काय केलंस?"

"रद्दीत," तू म्हणालास.

म्हणालास, आणि मग तुला कळलं मी काय विचारलं ते. तुझा चेहरा पडला. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण थांबलो नाही. म्हणालो, "तुझ्या अपघाताचं मला काही नाही मिलिंद. तुझी निवड मला सहन होत नाही. तुझ्या त्या वर्गात माझी मनू रद्दीत आहे." तू कापडाची घडी घातलीस, काखेत धरलीस आणि तासावर निघून गेलास.

त्याच आठवड्यातल्या रविवारी तू दहा वाजता दारात उभा. म्हणालास, मनूला वज्रेश्वरीला नेतो, गरम कुंडात पाय सोडून बसवलं की ताठलेले स्नायू जरा सैल पडतात. ती एसटीत रडली, कुंडाच्या पायरीवर आडवी पडली, तुझा चष्मा काढून पाण्यात टाकला. पुढच्या रविवारी तू पुन्हा आलास. मग दहा वर्षं. आजारपण आणि मोठा पाऊस सोडला तर चुकला नाहीस.

मला वाटायचं, हे तुझं प्रायश्चित्त आहे. आणि आता कबूल करतो, मला ते आवडायचं. माझ्या एका वाक्याने तुला दहा वर्षं वज्रेश्वरीच्या एसटीत बसवलं, असं मनातल्या मनात म्हणायचो. एकदा मीही तुमच्याबरोबर आलो होतो. तू तिला कुंडातून काढून पाय पुसत होतास आणि मी मोठेपणाने म्हणालो, "पुरे आता मिलिंद. किती दिवस फेडणार आहेस?" तू टॉवेल खांद्यावर टाकलास आणि माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी काहीतरी भलतंच बोललो.

"फेडतो काय? मला आवडते ती. आठवडाभर सगळ्यांना समजावून सांगावं लागतं. हिला काय सांगावं लागत न्हाय. ही पाण्यात पाय हलवते, मी पण हलवतो."

त्यावर मी चहा मागवला. मनूने बशीतला सांडला.

आता तो न सांगितलेला भाग. कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये तू शैलाला मोकळं केलंस, तेव्हा मला राग का आला? मनूला अपघात म्हटलं म्हणून नव्हे. ते मी नंतर शोधलेलं कारण. राग आला, कारण चौदा वर्षं मला ते ग्रहण सोयीचं होतं. दोष कात्रीचा होता, म्हणजे शैलाचा होता, म्हणजे माझा नव्हता. नातेवाईक कुजबुजायचे तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते. मी नाही नाही म्हणत होतो, पण दार मीच उघडं ठेवलं होतं. तू रिपोर्ट वाचलास आणि दोष कुणाचाच उरला नाही. शैलाला भूक लागली आणि मला एकदम उघडं पडल्यासारखं वाटलं. जिच्याकडे बोट दाखवून मी चौदा वर्षं निवांत होतो, ती बायको माझ्या शेजारी बसून वडापाव खात होती.

मला वाटतं, हे तुला कळलं होतं. त्या दिवशी आरशातून तू माझ्याकडे बघितलं होतंस. नंतरच्या इतक्या भांडणांत हे एक वाक्य तू काढलं असतंस तर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. "गुरुजी, तुला माणूस अपघात नको हाय, कारण तुला कुणीतरी दोषी पायजे." एवढंच. पण तू ते कधी बोलला नाहीस. हरायची वेळ आली तरी नाही. त्याबद्दल तुझे आभार मानायचे होते, आणि मानायचे तर आधी कबुली द्यावी लागली असती, म्हणून राहिलं. शैलाशीही ते बोललो नाही. तिला मोकळं केलंस ते तू. नवऱ्याने करायचं काम मित्राने केलं.

इथपर्यंत सकाळी लिहिलं होतं. आता संध्याकाळ झाली आहे आणि मला पुढचं लिहायचंय.

दुपारी लाईट गेली. समोरचे लूम बंद पडले आणि गल्ली एकदम शांत झाली. तुला तर माहीत आहे, लूम चालू असताना आमच्या घरात सगळं ओरडून बोलावं लागतं, आणि कुणी गेल्याचं ओरडून सांगता येत नाही. म्हटलं, सांगायचं तर आत्ताच. मनू पलंगावर बसली होती. शैला खाली तांदूळ निवडत होती. मी मनूसमोर खुर्ची ओढली आणि म्हणालो, "मनू, काका गावाला नाही गेले. काका वारले. आजी वारली होती ना, तसे."

रडली नाही. तिने माझ्या शर्टाचं बटण मुठीत धरलं. मग म्हणाली, "मी उठले नाही."

मला कळेना. "कधी उठली नाहीस?"

"कुंडावर. एसटी आली. काका म्हणाले, ऊठ. मी नाही उठले. काकांनी ओढलं. खूप ओढलं. काका खाली बसले. घाम आला." मग तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवला. "इथे."

मिलिंद, तू मला हे सांगितलं नव्हतंस. त्या शेवटच्या रविवारी पाच वाजता तिला सोडलंस, पाणीसुद्धा न घेता म्हणालास, "मजेत झालं सगळं," आणि गेलास.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. हे अकरा दिवस मनू पहिल्या हाकेला उठत होती. आंघोळीला ऊठ म्हटलं की उठायची, जेवायला ये म्हटलं की भिंत धरून यायची. चोवीस वर्षांत जे झालं नाही ते होत होतं. आणि आम्ही, थकलेली माणसं, एकमेकांकडे बघून म्हणत होतो, चला, पोरगी शहाणी झाली. आम्हाला बरं वाटत होतं, रे.

"माझ्यामुळे?" मनूने विचारलं.

"नाही गं बाई."

"मग कुणामुळे?"

हा माझा प्रश्न होता. चोवीस वर्षं मीच तो विचारत होतो आणि तुझ्या अंगावर फेकत होतो. मी तिचे दोन्ही हात हातात घेतले. म्हणालो, काकांच्या छातीत एक नळी होती, तिच्यातून रक्त जातं. ती आतून बुजत चालली होती, फार वर्षांपासून. काकांना ठाऊक नव्हतं, तुला नव्हतं, डॉक्टरलाही नव्हतं. तू उठली असतीस तरी ती बुजलेलीच होती. डॉक्टरने नंतर काकांच्या पुतण्याला तसं सांगितलंय. कुणी वाईट वागलं म्हणून असं होत नाही. कुणी ऐकलं नाही म्हणून होत नाही. हे पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या शब्दांत सांगत राहिलो. मनापासून, जोर लावून सांगितलं, मिलिंद. पोळी वाढतानाचा आवाज नव्हता तो. आणि सांगता सांगता जाणवलं की खाली तांदळाचा आवाज थांबलाय.

शैला ताट मांडीवर धरून माझ्याकडे बघत होती. कशेळीला हे तिला तू सांगितलं होतंस. नवऱ्याच्या तोंडून ती आज पहिल्यांदा ऐकत होती. मी तिच्याकडे बघून म्हणालो, "तुझ्यामुळेही नाही. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं." तिने ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला, आणि मग डोळे पुसले.

तुझी बाजू मी पहिल्यांदाच मांडली, आणि ऐकायला तू नव्हतास. मांडली ती धड नाही, तुझ्यासारखी नाहीच. माणूस अपघात आहे की नाही हे मला अजूनही ठरवता येत नाही. पण "कुणामुळेच नाही" यात इतकी माया असते हे मला कळायला तुला जावं लागलं, याचा मला फार त्रास होतोय.

लाईट आली. लूम सुरू झाले. शैला स्वयंपाकघरातून मोठ्याने ओरडली, "मनू, ऊठ, खायला ये." मनूने पाय पोटाशी घेतले आणि माझ्याकडे बघितलं. शैलाने पुन्हा हाक मारली, मग तिसऱ्यांदा मारली. मनू उठली नाही.